लेबलाची मागची बाजू

हे लिहायला घेताना माझ्यासमोर एकच प्रश्न होता. काचेच्या बाटलीवर चिकटवलेले कागदी लेबल, त्याच्या मागे पेन्सिलीने लिहिलेले अक्षर शाबूत ठेवून, सोडवता येते काय?

लेबले जमवणारा माणूस हा प्रश्न ऐकून हसेल. लेबल मागच्या बाजूसाठी कोणी काढत नाही. पुढचे चित्र, सोनेरी कड, वळणदार अक्षरे, द्राक्षांचा घड, यांसाठी काढतात. मीही पूर्वी त्यासाठीच काढत असे. परंतु माझ्या वाट्याला अशा तीनच बाटल्या आल्या, आणि त्यांच्या लेबलांच्या मागे माझ्या आईने लिहिलेले होते. आईने आयुष्यात अन्यत्र कोठे काही लिहून ठेवल्याचे मला ठाऊक नाही.

क्रमाने सांगते.

आम्ही लासुर्ण्याचे. आजोबांनी छप्पन सालच्या धर्मांतरानंतर घरातल्या मुलांना शाळेत घातले. मुले म्हणजे मुलगे. माझ्या मामाचे नाव पटावर लागले. आई त्याला कडेवर घेऊन शाळेच्या दारापर्यंत जाई आणि तेथून परत फिरे. पुढे मामा शिकून लोणी देवकरच्या एका कारखान्यात फिटर झाला. माझे वडील मी लहान असतानाच गेले, आणि आईने मला शिकवून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका केले. मला नोकरी लागल्यावरही तिने काम सोडले नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती बारामती एमआयडीसीतल्या एका वाइनच्या कारखान्यात जाऊ लागली. होळीनंतर बाटल्या भरण्याचा हंगाम सुरू होई तो पाऊस लागेपर्यंत चाले. सकाळी एस.टी.ने बारामतीला जायचे, संध्याकाळी इंदापूरच्या गाडीने परत यायचे आणि लासुर्ण्याच्या फाट्यावर उतरायचे, असा तिचा क्रम होता.

"गाडी चुकत नाही का गं?" मी एकदा विचारले.

"चुकंल कशी? पाटी बघून बसते की."

मी हसले. तिला म्हणायचे असेल की ती कोणाला तरी विचारून बसते, असे मी गृहीत धरले. हे वाक्य वाचकाने लक्षात ठेवावे. मी ठेवले नाही.

लेबल लावण्याचे काम तेव्हा तेथे हातानेच होत असे. लाकडी पाळण्यात बाटली आडवी ठेवायची, लेबलाच्या मागे ब्रशने खळ लावायची, पट्टीच्या खुणेवर कागद टेकवायचा आणि ओल्या फडक्याने मधून कडेकडे दाबत न्यायचा. खळ दुधाची होती. फाटलेल्या दुधाचा चोथा धुऊन त्यात चुन्याची निवळी घालून ती घोटलेली असे. बाटली बर्फात ठेवली तरी ही खळ सुटत नाही, म्हणून तीच वापरत. आईच्या लुगड्याला संध्याकाळी आंबूस वास येई आणि शेजारणी म्हणत, "वाइनच्या कारखान्यात जातीस का डेअरीत?"

एका टेबलावर सहा बायका असत. वाकडे लागलेले लेबल कोणाचे हे कळावे म्हणून प्रत्येकीने खळ लावण्याआधी कागदाच्या मागे आपली खूण करायची, असा तेथला रिवाज होता. एकीची खूण एक टिंब, दुसरीची दोन टिंबे, तिसरीची आडवी रेघ, चौथीचे चिमणीचे पाऊल. रिकामी बाटली उजेडात धरली की काचेतून ती खूण दिसे. बाटली भरल्यावर कोणालाही दिसत नसे.

पहिल्या आठवड्यातच आई माझ्यासमोर पाटी घेऊन बसली.

"मला माझं नाव काढून दे."

"काढून देऊ? तुला शिकायचंय का?"

"शिकायचं न्हाय बाई. गिरवायचंय."

मी शिक्षिका झाल्यापासून आई मला बाई म्हणत असे. कधी कौतुकाने, कधी टोमण्याने. तिचे नाव तीन अक्षरांचे होते. मी पाटीवर ते मोठे लिहून दिले आणि रेघा कोणत्या क्रमाने काढायच्या ते सांगितले. तिने क्रम पाळला नाही. ती दांडी आधी उभी करी आणि मग तिला उरलेले अक्षर जोडी, जसे मेढ रोवून झाल्यावर कूड घालतात. मी दोनदा दुरुस्त केले, तिसऱ्यांदा सोडून दिले. चार दिवसांनी मी तिला शाळेतली एक पेन्सिल टोक काढून दिली.

टेबलावरच्या मुकादमाने म्हणे तिला विचारले, "आक्का, सगळ्या टिंब देत्यात, तुमचंच एवढं लांबलचक काय?"

"टिंब तर पालीचं शेणबी असतंय," आई म्हणाली. "कुणाचं कसं वळकायचं?"

टेबल हसले आणि आईचे नाव चालू राहिले. मात्र पगाराच्या कागदावर तिचा अंगठाच लागे. तिने एकदा सही करते म्हणून सांगितले, तेव्हा कारकून तिला समजावून म्हणाला, "मावशी, आदीपासनं अंगठा हाय. आता सही केली तर वर इचारतील ही दुसरी बाई कोण." रेशनकार्डावर अंगठा, बँकेच्या पुस्तकात अंगठा. तिचे अक्षर उमटत होते ते केवळ लेबलांच्या मागे, खळीत, काचेला तोंड लावून. आणि त्या बाटल्या पेट्यांत भरून कोठकोठे निघून जात होत्या.

हंगामाच्या आरंभी बायकांचा हात बसावा म्हणून दोन-तीन दिवस टाकाऊ बाटल्यांवर सराव चाले. सरावाच्या बाटल्या नंतर फुटक्या काचेच्या ढिगात जात. मागितली तर एखादी घरी नेऊ देत. आईने तीन हंगामांत तीन बाटल्या आणल्या. पहिली माझ्यासाठी होती.

याचे कारण माझी वही. वर्गातल्या मुलांना धड्याबाहेरची अक्षरे वाचायला मिळावीत म्हणून मी लेबले जमवत असे. काडेपेटी, साबण, चहा, औषध, बियाण्याची पिशवी, जे हाती येईल ते. प्रत्येक लेबल चिकटवून त्याखाली ते कोठून आणले, कशाचे आहे, त्यावर काय लिहिले आहे, हे मी सुवाच्य अक्षरात नोंदवी. पहिली बाटली आली त्या रविवारी मी ती बादलीत सोडली. साध्या पाण्याने लेबल हलले नाही. मग गरम पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा घातला आणि दुपारपर्यंत थांबले. कड उचलली, सुरीच्या बोथट बाजूने हलके हलके सोडवली, आणि लेबल अखंड हातात आले. वर्तमानपत्राच्या घडीत घालून त्यावर पाटा ठेवला. काचेवर खळीचा बुळबुळीत थर राहिला होता, तो काथ्याने घासून स्वच्छ केला, बाटली उन्हात उपडी घातली आणि काम नीट झाल्याच्या समाधानात हात पुसले.

तिसऱ्या दिवशी आईने वाळलेले लेबल हातात घेतले. पुढचा द्राक्षांचा घड तिने पाहिलाही नाही. उलटे करून पाहिले. मागची बाजू पांढरी होती.

"माझं नाव कुठं गेलं गं?"

मी पाहिले. कागदावर एखादी करडी सावली होती, एवढेच.

"पाण्यात गेलं असेल."

"धुतलंस व्हय?" ती हसली. "बरं झालं. आता लेबल वाकडं निघालं तरी मला कोण धरतंय!"

मी लेबल वहीत चिकटवले. आमच्या मुख्याध्यापकांनी ते पान पाहून डोक्याला हात लावला. "अहो बाई, दारूचं लेबल? पोरं घरी जाऊन काय सांगतील, आज शाळेत काय शिकवलं?" मी म्हटले, सर, द्राक्ष हा शब्द आहे. ते म्हणाले, "द्राक्षं बाजारातनं आणा की!" मी ते पान मुलांना दाखवणे बंद केले, पण काढले नाही.

आता मी ज्या गोष्टीकडे येते ती मला सांगावीशी वाटत नाही. परंतु ती वगळली तर पुढचे काहीच समजणार नाही.

तिसऱ्या हंगामात, उन्हाळ्याच्या सुट्टीत, गावोगाव निरक्षरांची पाहणी करण्याचे काम शिक्षकांकडे आले. माझ्याकडे आमचीच आळी होती. तक्ता होता, सूचना होत्या. केवळ नाव लिहिता येणाऱ्यास साक्षर धरू नये. सोपे वाक्य वाचता आले पाहिजे, त्यातला एखादा शब्द लिहिता आला पाहिजे. मी सगळ्या घरी तसेच केले. आमच्या घरी आले तेव्हाही तसेच केले. वाचनाचा कागद आईसमोर धरला. वाक्य होते: बाग हिरवी आहे.

आई पुष्कळ वेळ पाहत राहिली. शेजारची काकू उंबऱ्यात उभी होती. तिला मी नुकतेच निरक्षर लिहिले होते आणि ती आता तमाशा पाहायला थांबली होती.

"ह्यातलं मला काय लागत न्हाय," आई म्हणाली. "नाव लिवून दावू का?"

"नावावर धरत नाहीत, आई."

"दुसरं काय तरी दावते की."

"वाक्य वाचावं लागतं."

काकू म्हणाली, "आता घे! लेक मास्तरीण आन् आय अडाणी. आमी तरी परवडलो."

मी रकान्यात खूण केली. आईने वाकून पाहिले.

"काय लिवलंस?"

"जे आहे ते लिहिलं."

त्या वेळी मला हे उत्तर योग्य वाटले होते. प्रामाणिकपणाचे वाटले होते. आपल्याच आईला सूट दिली असती तर बाकीच्यांना काय तोंड दाखवले असते, असा विचार माझ्या मनात होता, आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला निघताना आईने कमरेच्या पिशवीतून पेन्सिल काढून माझ्या टेबलावर ठेवली. झिजून बोटाच्या पेराएवढी झाली होती.

"ही घे बाई तुझी. मी टिंब देते आता."

एवढेच. ती रागावून बोलली नाही. त्या हंगामात ती टिंबच देत राहिली, आणि टेबलावरच्या बायका तिला पाल म्हणून चिडवत, असे मला नंतर कळले. मी दोन-तीनदा म्हटले, पुढची अक्षरे शिकवते, बस. ती म्हणे, "भांडी घासायची पडल्यात." पावसाळ्यात तिला ताप आला, चौथ्या दिवशी ती गेली. पुढच्या हंगामात कारखान्यात लेबल लावण्याचे यंत्र आले.

दिवसकार्य झाल्यावर मी तिच्या अक्षराचा शोध सुरू केला. शोध हा शब्द शांत आहे. मी शांत नव्हते. पाटी तर पुसली गेली होती. तरीही मी ती तिरपी धरून खडूच्या जुन्या रेघा दिसतात का ते पाहिले. भिंती पाहिल्या, पिठाच्या डब्याच्या झाकणाची आतली बाजू पाहिली, कॅलेंडरची पाने उलटली. कागदपत्रे काढली, तर सगळीकडे तिचा अंगठा होता. कारखान्यात जाऊन विचारले, तर माल कधीच निघून गेला होता, आणि फाटकावरच्या माणसाने सरळ विचारले, "म्याडम, एवढी शिकलेली बाई तुमी, आन् रिकाम्या बाटल्या शोधताय?"

दुसरी बाटली घरातच होती. तिच्यात रॉकेल असे. रॉकेल दुसऱ्या डब्यात ओतून मी ती अंगणात उन्हाकडे धरली. काच गडद हिरवी. लेबलाच्या मागे, धुक्यातल्या माणसासारखे, आईचे नाव होते. तीनही अक्षरे. आधी रोवलेल्या दांड्या ओळखू आल्या.

ते तसेच ठेवले असते तर? हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. कारण असे की लेबलाला कसर लागली होती. दुधाच्या खळीवर ती जगते. पुढच्या बाजूने कागद जाळीसारखा झाला होता, आणि पहिल्या अक्षराच्या कडेला एक भोक काचेतून स्पष्ट दिसत होते. आठ दिवसांत ते वाढले. थांबले तर आई कसरीच्या पोटात जाणार होती. म्हणून मी काढायचे ठरवले; आणि मला काढण्याची जी एकच रीत येत होती, तीच वापरली.

गरम पाणी, सोडा, बोथट सुरी. रॉकेल मुरल्यामुळे वेळ अधिक लागला. कड सुटल्यावर मी कागद उलटला. पांढरा. मग काचेकडे पाहिले, आणि जे कळायचे ते तेव्हा कळले. अक्षर कागदावर नव्हतेच. ओल्या खळीने पेन्सिलीची पूड उचलून घेतली होती, खळ काचेवर वाळून घट्ट झाली होती, आणि नाव त्या थरात होते. सोड्याने तो थर फुगला होता. माझ्या डोळ्यांदेखत त्यावर दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या पडल्या, मधले अक्षर दुमडले, आणि सगळे मिळून हळूहळू बाटलीवरून घसरू लागले. मी तळहात लावला. शाळेतला टिपकागद लावला. बाटली आडवी करून थर मागे सारण्याचा प्रयत्न केला. हातात बुळबुळीत करडे पाणी आले. मी ते पाणी वाटीत धरून ठेवले.

मग पहिली बाटली आठवली. काथ्या आठवला. पहिल्या वेळी नाव पाण्यात गेले नव्हते. आई समोरच्या ओट्यावर तांदूळ निवडत असताना मी ते दोन्ही हातांनी घासून काढले होते. वहीत जपून चिकटवला होता तो द्राक्षांचा घड.

तिसरी बाटली मामाकडे लोणी देवकरला होती. तेथे जाईपर्यंत ती फुटलेली असेल अशी माझी खात्रीच झाली होती. नव्हती. मामीने तिच्यात शेंगतेल भरून ठेवले होते.

"बाटली न्हेतीस? आन् मी त्याल कशात ठिवू?" मामी म्हणाली.

"नवीन बरणी आणलीय मामी."

"बरणीला बूच न्हाय. मुंग्या जात्यात." मग माझ्या तोंडाकडे पाहून तिने तेल ओतायला घेतले. मामा ओट्यावर बसला होता. तो म्हणाला, "आक्काची हाय व्हय ती? मला न्हाय सांगितलं कुणी. मी तर तिच्यावर हात पुसायचो." आणि तो उठून घराच्या मागे गेला.

येताना एस.टी.त बाटली मी मांडीवर धरून होते. शेजारच्या म्हाताऱ्याने लेबल वाचण्याचा प्रयत्न करून तोंड फिरवले.

या वेळी मी घाई केली नाही. वर्गात मुलांना सांगते तसे स्वतःला सांगितले: आधी दुसऱ्या वस्तूवर करून पाहा. दूध फाडले, चोथा धुतला, पानाच्या चुन्याची निवळी घातली, खळ घोटली. औषधाच्या बाटल्या गोळा केल्या, कागदाच्या मागे आईचे नाव माझ्या हाताने लिहिले, चिकटवले आणि महिनाभर वाळू दिले. मग एकेक रीत तपासली. वाफेने काच तडकली. नुसत्या गरम पाण्याने कागद फाटला. सोड्याने पूर्वीसारखेच झाले. शेवटी उलटा विचार केला. नाव खळीत राहते, तर खळ काचेवरच ठेवायची आणि कागद नष्ट करायचा. बोटाला पाण्याचा एकच थेंब लावून पुढच्या बाजूने कागद तंतू तंतू चोळून काढायचा. चित्र जाईल, सोनेरी कड जाईल. राहील ती मागची बाजू. औषधाच्या बाटल्यांवर हे बहुतेक वेळा साधले.

मग तिसऱ्या बाटलीवर सुरुवात केली. रोज शाळेतून आल्यावर, उजेड असेपर्यंत, नखाएवढी जागा. द्राक्षांचा घड पहिल्या आठवड्यात गेला. पहिले अक्षर नीट उघडे झाले. मधल्या अक्षरावर मामाच्या तेलकट हाताचा डाग होता. तेथे खळ काचेला धरून नव्हती, कागदाबरोबर सगळेच निघून आले. मी त्या दिवशी थांबले. दुसऱ्या दिवशी शेवटचे अक्षर मिळाले. तीनपैकी दोन.

खाली अजून कागद शिल्लक होता. तेथे काही असण्याचे कारण नव्हते. उन्हाकडे धरल्यावरही तेथे तेलाचा काळोखच दिसत असे. परंतु अर्धवट सोडायची मला सवय नाही, म्हणून चोळत राहिले. आणि कागदाखालून रेघ निघाली. मग आणखी एक. सात-आठ दिवसांनी पूर्ण शब्द समोर आला.

इंदापूर.

मी तिला तीन अक्षरे शिकवली होती. या शब्दातले एकही अक्षर त्या तीनांत नव्हते. अक्षरे लहानमोठी होती, पण दांड्या आधी रोवलेल्या होत्या आणि शब्द पुरा होता. बारामतीच्या स्थानकावर रोज संध्याकाळी ती ज्या पाटीकडे पाहत उभी राही, ती पाटी तिने सरावाच्या बाटलीवर नावाखाली उतरवली होती. पाटी बघून बसते, असे तिने मला सांगितले होते. पाहणीच्या दिवशी, दुसरं काय तरी दावते की, असेही म्हणाली होती. मी तिला बाग विचारली. आमच्या आळीत बाग नव्हती.

मी तहसील कचेरीत गेले. नोंद दुरुस्त करायची आहे म्हटल्यावर तेथल्या गृहस्थांनी नम्रपणे विचारले, "व्यक्ती हयात आहे का?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग बाई, आता कशाला?" कागद पुढे गेले होते. मी त्यांना बाटली दाखवली नाही.

बारामतीला एका फोटो स्टुडिओत गेले. त्या माणसाने दिवे पुढून लावले, मागून लावले, आत पांढरा कागद सरकवला. धुऊन आलेल्या छायाचित्रांत हिरवी बाटली होती आणि दिव्याची तिरीप होती. "म्याडम," तो म्हणाला, "हितं काय हाय ते तुमालाच दिसतंय." मग पातळ कागद ठेवून मी अक्षरे गिरवून घेतली. घरी येऊन पाहिले तर दांड्या सरळ आणि मात्रा प्रमाणात आल्या होत्या. ते माझे अक्षर होते. मी तो कागद फाडला.

आणि आता शेवटची गोष्ट. कागदाने झाकलेली होती तोवर खळ टिकून होती. उघडी पडल्यावर ती हवेत सुकते, भेगाळते आणि कण कण सुटते. वरून रोगण लावावे तर ब्रशच्या पहिल्याच स्पर्शाला पूड उचलली जाते. बाटली मी कापड घातलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवली आहे आणि डबा हलवत नाही. तरी दर वेळी उघडल्यावर कापडावर करडी धूळ असते. शब्दाचे शेवटचे अक्षर गेल्या उन्हाळ्यात गेले. नावाचे पहिले अक्षर अर्धे आहे. धूळ मी कागदाच्या पुडीत जमा करते. तिच्यावर काय लिहावे हे मला सुचलेले नाही.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे: लेबलामागचे अक्षर सोडवता येते, परंतु सोडवल्यावर ते टिकत नाही. हे उत्तर एका बाटलीवरून काढलेले आहे आणि ते चुकीचे असू शकते. दुधाची खळ आणि पेन्सिल कोणालाही मिळेल. ज्यांना जमेल त्यांनी करून पाहावे. त्याहून सोपी तपासणी दुसरी आहे. आपल्या घरात ज्या बाईच्या नावापुढे निरक्षर लिहिलेले असेल, तिला पुस्तक न दाखवता एकदा एस.टी.च्या स्थानकावर घेऊन जा, गाडी लागली की गप्प उभे राहा, आणि ती कोणत्या पाटीकडे चालू लागते ते कृपया स्वतः पाहा.